प्रकाशाचे दोन हिशेब

चि. विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा निबंध दोनदा वाचला. निसर्गाचा उलगडा नुसत्या गतीच्या भाषेत करायचा की हेतूच्याही, यावर देकार्त आणि लायब्निझ या दोन तत्त्वज्ञांमध्ये समेट घालताना शेवटी तू लिहिलंस, ‘दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे.’ पण कुणाच्या कुठल्या वाक्यात, ते सांगितलंच नाहीस.

पाण्यात शिरताना प्रकाशकिरण वाकतो, एवढंच प्रकरण धर. देकार्तने १६३७ मध्ये त्याचा नियम छापला, तो चेंडूच्या गतीचा दाखला देऊन. निसर्गाचा हेतू वगैरे भाषा त्याला भौतिकशास्त्रात नकोच होती. गणितज्ञ फर्मा १६६२ मध्ये अगदी दुसऱ्या टोकाकडून निघाला : कमीत कमी वेळ लागेल ती वाट प्रकाश धरतो. हाती आला देकार्तचाच नियम, किरण किती वाकेल ते कोनांच्या साइनवरून सांगणारा! देकार्तचा पाठीराखा क्लेर्सेलिए याने विचारलं, निसर्गाला जाणीव नाही, मग वेळ वाचवायचं ठरवतो कोण? ही हरकत मला आजही वजनदार वाटते. तू ती एका ओळीत उडवलीस, याचं वाईट वाटलं.

लायब्निझने १६८६ मध्ये हेच उदाहरण घेतलं. यांत्रिक कारणांनी केलेला उलगडा चांगला आणि हेतूवरून केलेलाही. दुसरा बरेचदा सोपा आणि नवं शोधायला उपयोगी. पुढे १७१४ च्या एका पत्रात तो म्हणतो की तत्त्वज्ञानातले बहुतेक पंथ जे मांडतात त्यात बरेचसे बरोबर असतात, जे नाकारतात त्यात तेवढे नसतात. देकार्तची गतीची भाषा तो ठेवतो, हेतूला घातलेली बंदी उठवतो. मात्र हे दोन हिशेब जुळतातच का, याचं त्याचं उत्तर ईश्वरापाशी जातं. तिथे मी अडतो. तूही अडून बघ.

आणि एक गोष्ट समेटात बसत नाही. देकार्तच्या मांडणीत पाण्यात शिरलेल्या किरणाचा वेग वाढायला हवा, फर्माच्या मांडणीत कमी व्हायला हवा. इथे मधला मार्ग काढून भागत नाही. १८५० मध्ये भौतिकशास्त्रज्ञ फूकोने प्रयोग केला. प्रकाश पाण्यात हवेपेक्षा सावकाश जातो असं निघालं.

आता कागदाच्या एका बाजूला देकार्त काय मांडतो ते लिही, दुसऱ्या बाजूला काय नाकारतो ते. क्लेर्सेलिएची हरकत अशी मांड की ती वाचून त्यानेच मान डोलावली असती. मग लायब्निझकडे वळ. खर्डा झाला की घेऊन ये, सोबत बसून वाचू.

तुझा,
सर