पहिला नंबर येतो, तरी शाळा नको म्हणते

"शाळेत काही शिकवतच नाहीत हो ताई. पोरगी हुशार आहे, तिथं वाया जाईल." बडोद्यातल्या दांडिया बाजार, रावपुरा, नवापुरा, कुठूनही माझ्याकडे आलेले मराठी पालक असोत, सुरुवात याच वाक्याने होते. जून जवळ आला की जास्तच. म्हणून एका घराची हकीकत सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वडील मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, टर्नर, आई घरी शिवणकाम करते. मुलगी महापालिकेच्या गुजराती शाळेत सहावीला, कायम पहिली. पण काही महिन्यांपासून सकाळी पोट दुखायचं. डॉक्टरांना तपासणीत काही सापडलं नव्हतं.

"गणिताच्या तासाला काय करतेस?" मी विचारलं.

"माझी गणितं लगेच होतात. मग वहीच्या मागे फुलं काढते. बाई म्हणतात, बाकीच्यांचं होईपर्यंत शांत बस."

वडिलांचा जीव तुटत होता. "सयाजीराव महाराजांनी १९०६ साली सगळ्या बडोदा संस्थानात शिक्षण सक्तीचं केलं, फुकट केलं. त्यांच्याच गावात ही गत! पतपेढीतून कर्ज काढतो, पण हिला इंग्रजी शाळेत घालतो."

त्यांची तक्रार खरी होती आणि मी ती खरीच मानली. पण बाईंचंही खरं होतं. वर्गात अजून अडखळत वाचणारी मुलं आहेत, बाई त्यांच्यासाठी थांबतात, आणि त्यांनी थांबलंच पाहिजे. मात्र ज्या मुलीचं काम आधी झालं, तिच्या वाट्याला नुसतं शांत बसणं येतं. शाळा बदलून हे सुटतंच असं नाही. कित्येक खासगी शाळांत पुस्तक जाड असतं आणि गणितं त्याच जातीची. आईने सातवीची ट्यूशनही लावून पाहिली होती. तेही मुलीने पाठ करून संपवलं.

मी तिला कापरेकरांचा खेळ दिला. गणितज्ञ द. रा. कापरेकर नाशिकजवळ देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. चार अंकी संख्या घ्यायची, चारही अंक सारखे नकोत. अंकांची मोठ्यात मोठी संख्या करायची, त्यातून लहानात लहान वजा करायची, आणि जे उत्तर येईल त्याचं पुन्हा तेच. तिने ३५२४ घेतले. ५४३२ वजा २३४५, ३०८७. मग ८३५२. मग ६१७४, आणि त्यापुढे प्रत्येक वेळी ६१७४च. कुठलीही संख्या घेतली तरी जास्तीत जास्त ७ वजाबाक्यांत तिथेच पोचते. मुलगी खूश.

"आता दोन अंकी घे. कुठे थांबते बघ."

तिने ५३ घेतले. १८, ६३, २७, ४५, ०९, ८१ आणि पुन्हा ६३. तिने सगळं खोडून पहिल्यापासून केलं. पुन्हा ६३. पेन्सिल ठेवली, वही ढकलली. "मला नाही येत. घरी जाऊ या." डोळे भरले होते. आई कळवळून म्हणाली, "सांगा ना हो तिला, ताई." मी आईचा हात धरून तिला थांबवलं.

त्या क्षणी मला पोटदुखीचा उलगडा झाला. इतक्या वर्षांत ही मुलगी कशावरच अडली नव्हती. त्यामुळे अडणं म्हणजे आपण हुशार नसणं, असं तिने मनाशी धरलं होतं. रोजचा कंटाळा तर होताच, पण त्याच्या आत भीती होती: एखाद्या दिवशी आलं नाही तर?

"चुकलं कशावरून म्हणतेस?"

"उत्तरच येत नाही. फिरून तेच तेच येतं."

"काय येतं? परत सांग."

"फिरून तेच…" ती गप्प झाली. मग वही ओढली आणि पाचही संख्या गोलात मांडल्या. "ताई, हे थांबतच नाही! गोल गोल फिरतंय! आणि सगळे नवाच्या पाढ्यातले!" मग तिलाच घरी जायचं नव्हतं.

मूल एकटं जे करू शकतं आणि कुणाच्या सोबतीने जिथवर पोचू शकतं, त्यामधल्या जागेत शिकणं घडतं, हे मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगोत्स्की सांगून गेला. माझं सगळं काम त्यावर उभं आहे. म्हणून पालकांना सांगते, पुढच्या इयत्तेचं पुस्तक आणू नका. याच इयत्तेतलं असं काही द्या की मूल निदान थोडा वेळ अडेल. अडल्यावर लगेच उत्तर सांगू नका, आणि सोडून उठूनही जाऊ नका. जवळ बसा. स्वतःला गणित येत नसलं तरी चालतं. या आईलाही येत नव्हतं. "आत्तापर्यंत काय केलंस ते मला समजाव," एवढं ती शिवता शिवता म्हणायची.

शाळेत भांडायला जाऊ नका. या आईने बाईंना एवढंच विचारलं, "तिचं काम झालं की तिला एखादं कोडं सोडवू द्याल का?" बाई नुसत्या तयार झाल्या नाहीत, आणखी तीन मुलांसाठी कोडी मागून घेतली. हुशार मुलांना बाकीच्यांच्या वह्या तपासायला बसवतात, ते कधीतरी ठीक, पण तो त्यांचा अभ्यास नव्हे. सुट्टीच्या दिवशी मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत न्या. सयाजीरावांनी १९१० साली सुरू केलेल्या या लायब्ररीत मराठी पुस्तकंही आहेत.

पोटदुखी एकदम गेली नाही, सोमवारची बरेच दिवस राहिली. कर्ज मात्र काढलं नाही. खासगी शाळेतल्या आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) २५ टक्के जागा पहिलीच्या प्रवेशाला असतात, सहावीत त्यांचा उपयोग नाही. नवोदय या केंद्र सरकारच्या निवासी शाळेची सहावीची प्रवेश परीक्षा पाचवीत असतानाच द्यावी लागते. पण आठवीत एनएमएमएस या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीची परीक्षा आहे. ती सरकारी, पालिकेच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठीच असते. बुद्धिमापनाचे ९० आणि विषयांचे ९० प्रश्न, आणि निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. त्यासाठी मामलतदार कचेरीतला उत्पन्नाचा दाखला लागतो. तो आधीच काढून ठेवा, आणि फॉर्म कधी निघतो हे मुख्याध्यापकांना आठवी सुरू होतानाच विचारा.