नोकरी सोडताना कंपनीचं देणं वेगळं आणि माणसांचं वेगळं

"एवढी वर्षं ज्यांनी सांभाळलं त्यांना सोडून चाललो, मी कृतघ्न आहे का?" हा प्रश्न समुपदेशक म्हणून माझ्याकडे एप्रिल-मे महिन्यात हमखास येतो. इन्क्रिमेंट झालेलं असतं, लोक नोकऱ्या बदलत असतात. विचारणारे बहुतेक चाळीशी-पन्नाशीतले, एकाच ठिकाणी पंधरा-वीस वर्षं काढलेले. त्यांच्यापैकी एका ताईंची गोष्ट सांगते, त्यांना विचारून सांगतेय आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

ताई नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात अकाउंट्सला होत्या, लग्नाआधीपासून. आता नागपूरच्याच मिहान उद्योग-प्रकल्पात चांगली नोकरी मिळाली, पगार बराच जास्त, घरून अंतरही कमी. घरचे खूश. आणि ताई राजीनामा दिल्यापासून रोज रात्री रडत होत्या. पहिल्याच भेटीत म्हणाल्या, "मॅडम, मी काहून रडून राहिली तेच मले समजून नाही राहिलं. चांगलंच तं झालं ना सगळं." नवरा समजूतदार माणूस पण तोही वैतागला होता, म्हणायचा, आनंदाच्या गोष्टीचं सुतक कशाला.

मी त्यांना कंपनीबद्दल बोलायला सांगितलं तर त्या एकदाही कंपनीबद्दल बोलल्या नाहीत. बोलल्या त्या स्टोअरमधल्या भाऊंबद्दल. २०२१ च्या एप्रिलमध्ये नागपुरात बेड मिळत नव्हते तेव्हा ताईंच्या सासऱ्यांसाठी हे भाऊ आपली गाडी घेऊन रात्रभर या हॉस्पिटलातून त्या हॉस्पिटलात फिरले, स्वतःच्या घरी लहान पोरं असताना, आणि नंतर त्याचा कधी उल्लेखसुद्धा केला नाही. मग क्वालिटीच्या लॅबमधली मैत्रीण, जिच्यासोबत इतकी वर्षं रोज डबा खाल्ला. मग जुने साहेब, आता रिटायर झालेले, ज्यांनी टॅली शिकवलं आणि पहिल्या चुकीला सगळ्यांसमोर ओरडायच्या ऐवजी केबिनमध्ये बोलावून समजावलं. हे सांगताना त्या रडल्या, पण हे रडणं रात्रीच्या रडण्यापेक्षा वेगळं होतं, मोकळं होतं.

आणि मग एक वाक्य असं आलं की मी थांबलेच. "एवढं दिलं कंपनीनं, आता ग्रॅच्युइटी कोणत्या तोंडानं मागू?"

इथेच गुंता होता. माणसांनी केलेलं सगळं त्यांनी कंपनीच्या खात्यात जमा करून टाकलं होतं. भाऊ रात्रभर फिरले ते कंपनीनं सांगितलं म्हणून नाही फिरले. पगार मिळाला तो कामाचा मिळाला. ग्रॅच्युइटी ही कायद्यानं मिळते, १९७२ चा कायदा होता त्याचा, साधारण हिशोब सलग पाच वर्षं झाली की दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार, आणि ती ३० दिवसांत द्यायची असते. पीएफही तसाच, आपलाच पैसा, नवीन ठिकाणी त्याच यूएएनवर, म्हणजे पीएफच्या कायमच्या नंबरवर, ट्रान्सफर करून घ्यायचा. नवऱ्यासोबत बसून त्यांनी रीतसर अर्ज केला. एचआरनं काही एक वाकडं न बोलता घेतला, त्यात वाकडं बोलण्यासारखं नव्हतंच काही. मी हे समुपदेशनात का घेते असं लोक विचारतात, तर यासाठी घेते की उपकाराच्या ओझ्याखाली माणूस आपला हक्कही सोडून देतो आणि वर त्याला चांगुलपणा समजतो.

मग खरं देणं राहिलं, माणसांचं. त्याची ताईंना जास्त भीती होती, कारण राजीनाम्याची बातमी कळल्यापासून लॅबवाली मैत्रीण डबा खायलाच येत नव्हती, काम आहे म्हणायची. ताईंना वाटलं ती रागावली, मोठ्या पगाराला भुलली असं समजली. मी विचारलं, तुम्ही तिला विचारलं का? नाही. तिला काही सांगितलं का? तेही नाही, फेअरवेलला माइकवर सगळ्यांचे आभार मानणार होत्या.

माइकवर सगळ्यांचे आभार मानले की कोणाचेच मानले जात नाहीत, हे माझं ठाम मत आहे. मार्टिन सेलिग्मन या मानसशास्त्रज्ञानं २००५ मध्ये सहकाऱ्यांसोबत एक अभ्यास छापला, त्यात लोकांना सांगितलं होतं की ज्याचे नीट आभार मानायचे राहून गेले त्याला पत्र लिहा आणि स्वतः जाऊन द्या. लिहिणाऱ्यांचं मन लगेच हलकं झालं, महिनाभर फरक टिकला, पुढे हळूहळू ओसरला. ओसरला हेही मी क्लायंटला सांगते, कारण एका पत्रानं जन्माचं समाधान होत नाही, माणसं नंतरही भेटत राहावी लागतात. ताईंना म्हटलं, "थँक्यू फॉर एव्हरीथिंग" लिहायचं नाही, त्या रात्री काय झालं ते लिहा, त्यामुळे तुमच्या घरात काय वाचलं ते लिहा.

भाऊंना त्यांनी स्टोअरमध्ये जाऊन चिठ्ठी दिली. ते नुसते "बरं बरं" म्हणत फायली हलवत राहिले. जुन्या साहेबांकडे घरी गेल्या, त्यांच्या बायकोनं जेवू घालूनच पाठवलं. मैत्रिणीला गाठलं ते बसस्टॉपवर. तिनं आधी तोंड फिरवलं आणि मग म्हणाली, "तू गेल्यावर मी डबा कोणासंग खाऊ, ते सांग." राग नव्हताच तो. सवय आतापासून मोडून ठेवली तर नंतर कमी दुखेल असं तिला वाटत होतं, आणि असं आधीच अंतर ठेवणारं माणूस मला प्रत्येक केसमध्ये एकतरी भेटतं. कोणी गप्प झालं तर कृपा करून लगेच राग समजू नका, जाऊन विचारा.

"पण मॅडम, मैत्री टिकेल का?" सगळ्यांची नाही टिकत. खोटा दिलासा मी देत नाही. ऑफिसातली मैत्री रोज समोर असण्यावर उभी असते. कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये मांडलं की ओळखीतून जवळची मैत्री व्हायला साधारण २०० तासांच्या वर सोबत लागते. रोजची अर्ध्या तासाची जेवणाची सुट्टी धरली तर दीड-दोन वर्षांतच ते तास भरतात, तेही न ठरवता. नोकरी सुटली की हे न ठरवता भेटणं संपतं, मग ठरवावं लागतं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गुड मॉर्निंग टाकून ते होत नाही. ताईंनी दोनच नावं निवडली आणि महिन्यातला एक रविवार पक्का केला, धरमपेठेत तर्री पोहे, नवरे-पोरं नाही. बाकीच्यांशी लग्नाकार्यात भेट होईल तेवढी, आणि त्यात त्यांच्याशी बेइमानी वगैरे काही नाही.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. झोप दोन आठवड्यांच्या वर उडाली, जेवण तुटलं, जगावंसं वाटेना अशी अवस्था असेल तर ती नोकरी बदलल्याची हुरहुर समजून बसू नका, मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, आणि रात्री-अपरात्री कोणी नसेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. ताईंना तशी गरज पडली नाही, नोटीस पिरियड संपायच्या आत झोप परत आली.

मध्यंतरी त्यांचा फोन आला. स्वतःसाठी नव्हता, लॅबवाल्या मैत्रिणीच्या मुलीला बारावीनंतर काय करावं सुचत नव्हतं, तिच्यासाठी शनिवारची वेळ हवी होती. तिला घेऊन दोघी येणार म्हणाल्या.