1,400 फोटोंचे 5,000 केले तरी

तुमचा प्रश्न असा: स्टॉक एजन्सीवर, म्हणजे तयार फोटोंच्या वापराचे परवाने विकणाऱ्या साइटवर, तीन वर्षांत 1,400 फोटो चढवलेत, महिन्याला साधारण 30 डॉलर येतात, लग्नाची कामं सोडून वर्षभरात 5,000 फोटो केले तर घर चालेल का?

नाही चालणार. सरळ त्रैराशिक मांडलं तरी 107 डॉलर होतात, म्हणजे डॉलर 85 रुपयांना धरला तर नऊ हजार. आणि इथे त्रैराशिकही लागू पडत नाही. तुम्ही 3,600 फोटो वाढवाल तोवर एजन्सीच्या साठ्यात कोट्यवधींची भर पडलेली असेल. गिऱ्हाईक त्या प्रमाणात वाढत नाही.

मी या धंद्यात आलो तेव्हा स्लाइड्स प्लास्टिकच्या पानांत घालून मुंबईच्या एजन्सीला कुरियरने पाठवायचो. वर्षाला पाच-सात फोटो जायचे, पण एकेकाचे दोन-चार हजार हातात पडायचे. दर वापरावर ठरायचा: कॅलेंडर की मासिकातलं आतलं पान, किती प्रती, किती महिने, कोणता देश. याला राइट्स मॅनेज्ड म्हणत. दिवाळी अंकाला एक भाव आणि बँकेच्या होर्डिंगला दुसरा, हे कुणाला समजावून सांगावं लागत नसे.

आयस्टॉकफोटो ही साइट 2000 साली कॅनडात निघाली ते आपापसांत फोटो अदलाबदल करायला. विक्री नंतर सुरू झाली, तीही काही सेंटांना. शटरस्टॉक या दुसऱ्या साइटने 2003 पासून महिन्याची वर्गणी आणली. 2006 मध्ये गेटी या बड्या फोटो एजन्सीने 5 कोटी डॉलर देऊन आयस्टॉक घेतलं, म्हणजे महागड्या पेढीनेच स्वस्त दुकान विकत घेतलं. 2019 च्या अखेरीस तर त्यांनी जाहिरातींसाठीचे राइट्स मॅनेज्ड फोटो बंद करत असल्याचं जाहीर केलं.

2009 च्या एप्रिलमधला 'टाइम'चा एक अंक आठवतो. मुखपृष्ठावर नाण्यांनी भरलेली काचेची बरणी, विषय नवी काटकसर. फोटो आयस्टॉकचा, फोटोग्राफरला मिळाले सुमारे 30 डॉलर. आम्ही व्यावसायिक मंडळी भडकलो, पण तो स्वतः खूश होता. टाइमच्या कव्हरवर आपला फोटो, आणखी काय हवं? मला त्याचा राग येत नाही. पण ज्याची चूल त्या फोटोवर पेटत नाही, तोच भाव ठरवतो आणि ज्याची पेटते त्याला तो मुकाट्याने घ्यावा लागतो, हे तेव्हा डोक्यात बसलं.

आता वर्गणीचं गणित. समजा गिऱ्हाईक महिन्याला 200 डॉलर भरतं आणि त्याला 750 फोटोंची मुभा आहे. एका फोटोचे झाले 27 सेंट. तुमचा वाटा 15 टक्के, म्हणजे चार सेंट. शटरस्टॉकने जून 2020 मध्ये टक्केवारीची पद्धत आणली तेव्हा किमान 10 सेंटांची तळरेषा आखावी लागली ती यामुळेच. वर विक्रीप्रमाणे वाढत गेलेली तुमची टक्केवारी दर 1 जानेवारीला पुन्हा पहिल्या पायरीवर. त्या वेळी कित्येकांनी निषेध म्हणून आपले फोटो विक्रीतून काढले होते. गिऱ्हाईकाने 750 पैकी 60च उतरवले तर उरलेल्या 690 चे पैसे तुमच्याकडे येतात का? अर्थातच नाही.

खर्चाची बाजू पाहा. माझं शेवटचं मॉडेलवालं शूट: दोन मुली, मेकअप, भाड्याचा फ्लॅट, मिळून 8,000 रुपये. 40 फोटो मंजूर झाले, म्हणजे फोटोमागे 200. दहा सेंटांचे साडेआठ रुपये धरले तर मुद्दल निघायला प्रत्येक फोटो 24 वेळा विकला जायला हवा. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. (अमेरिकेतला कर कमी कापला जावा म्हणून एजन्सीला द्यायचा डब्ल्यू-8बेन फॉर्म तुम्ही भरलाय ना? नसेल तर अमेरिकेतल्या विक्रीवर 15 ऐवजी 30 टक्के कर कापला जात असेल.) एआयबद्दल इथे शिरत नाही; तो याच घसरणीचा पुढचा टप्पा आहे.

स्टॉक सोडा असं म्हणत नाही. मी अजून करतो, पण दोन ढीग करून. प्रवासात टिपलेलं, खर्च न झालेलं एजन्सीला. ज्यासाठी घाम गाळला ते माझ्याजवळ, कारण एकदा फोटो रॉयल्टी फ्री म्हणून, म्हणजे एकदा पैसे भरून कुणीही पुन्हा पुन्हा वापरावा अशा परवान्यावर, गेला की नंतर कुणालाही 'हा फक्त तुमचा' असं सांगता येत नाही. दोन हंगामांपूर्वी मराठवाड्यातल्या एका बियाणं कंपनीला कापसाची डोमकळी (अळी शिरल्याने नीट न उमललेलं फूल) आणि बोंडात शिरलेली गुलाबी अळी हवी होती. एजन्सीत 'कापूस कीड' शोधून त्यांना भलत्याच किडी मिळाल्या होत्या. मी ओळखीच्या शेतकऱ्याच्या रानात चार सकाळी घालवल्या होत्या, ते सहा फोटो मी एका वर्षाच्या वापरासाठी प्रत्येकी 3,500 ला दिले. पुढच्या वर्षी त्यांनी नूतनीकरण केलं, तेव्हा पुन्हा पैसे.

निवडक घेणाऱ्या संस्थाही आहेत. आयस्टॉकचाच संस्थापक ब्रूस लिव्हिंगस्टोन 2013 मध्ये स्टॉक्सी या सहकारी संस्थेच्या उभारणीत होता. तिथे साध्या परवान्यावर अर्धा वाटा फोटोग्राफरला. प्रवेश मात्र सहज मिळत नाही.

तेव्हा लग्नाची कामं धरून ठेवा. आणि पुढचा फोटो चढवण्याआधी एक रविवार बसून 1,400 पैकी एकदा तरी विकले गेलेले किती ते मोजा. मी मोजले तेव्हा 6,000 मधले 220 निघाले होते, आणि त्यातला एकही मॉडेलच्या शूटमधला नव्हता.