ऑनलाइन दिसते, पण उत्तर देत नाही

"मुलगी हॉस्टेलला गेल्यापासून फोनच उचलत नाही. मेसेज वाचते, उत्तर देत नाही. आमचं काही चुकतंय का?" हा प्रश्न घेऊन माझ्याकडे सल्ल्यासाठी येणारे पालक खूप. त्यांतल्याच एका आईची ही गोष्ट. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

मुलगी पहिल्या वर्षाला. सुरुवातीला तिने आपणहून लोकेशन शेअर केलं होतं. मग ते बंद झालं, पुढे व्हॉट्सॲपवरचं 'लास्ट सीन' लपलं, शेवटी ब्लू टिकही गेली. आईच्या मनात नाही नाही ते येऊ लागलं. "रात्री दीड वाजता ऑनलाइन दिसायची," त्या म्हणाल्या, "आणि मला एक शब्द नाही!"

ऑनलाइन दिसणं म्हणजे ॲप उघडं असणं, एवढंच. त्या वेळी ती मैत्रिणीकडे नोट्स मागत असेल. लोकेशनचा ठिपकाही इमारतीत शिरलं की इकडेतिकडे सरकतो. त्यावरून लेकीचं मन कसं कळणार?

मी म्हटलं, "गेल्या आठवड्यात तुम्ही तिला पाठवलेले मेसेज जरा मोठ्याने वाचता का?"

"पोचलीस का? जेवलीस का? कुठे आहेस? कोणाबरोबर? ऑनलाइन आहेस ना, मग?" वाचता वाचता त्या थांबल्या. "सगळे प्रश्नच आहेत हो."

बाबांची गुडघेदुखी, गॅलरीतल्या गुलाबाला आलेली कळी, यातलं काहीच लेकीपर्यंत पोचलं नव्हतं. काळजी खरी होती, मायाही खरी होती. पण समोरच्या स्क्रीनवर उमटत होती ती फक्त चौकशी.

पुढच्या भेटीला मुलगी व्हिडिओ कॉलवर आली. म्हणाली, "आई, तुझा फोन आला की हजेरी द्यायची आहे असं वाटतं. बोलायचं असतं गं मला, पण आधी सगळा हिशेब द्यावा लागतो."

मग दोघींनी मिळून ठरवलं. आठवड्यातून एक निवांत कॉल, वेळ लेकीने सांगायची. एरवी आईने घरातलं काहीबाही व्हॉइस नोटने पाठवायचं, उत्तराची अपेक्षा न ठेवता. रात्रीचा प्रवास असेल तर मुलीने व्हॉट्सॲपवरून लाइव्ह लोकेशन पाठवायचं. ते ठरावीक वेळेने, जास्तीत जास्त 8 तासांनी, आपोआप बंद होतं, म्हणून तिलाही ते जाचक वाटलं नाही. आणि लागोपाठ दोन मिस्ड कॉल म्हणजे खरंच तातडीचं, असेल तिथून फोन करायचा. पहिले काही दिवस आईला फार जड गेले. मग एका रात्री लेकीचीच लांबलचक व्हॉइस नोट आली: पेपर अवघड गेला होता, रडू आलं होतं.

एक गोष्ट मात्र पालकांना मी नेहमी बजावते. मूल मित्रांशीही बोलेनासं झालं, झोप उडाली, वर्गात जाणं थांबलं, किंवा "जगून काय करू" असं काही बोललं, तर ठरलेल्या कॉलची वाट बघू नका. लगेच फोन करा, "जीव द्यावासा वाटतोय का?" असं स्पष्ट विचारा, त्याला एकटं राहू न देता वॉर्डनला किंवा जवळच्या मित्राला कळवा, डॉक्टरांची मदत घ्या आणि स्वतः निघा.