उतारावर गाडी गियरमध्येच ठेव

बाळा,

अनेक आशीर्वाद. तुला हेवी लायसन मिळालं आणि सांगलीच्या मालकाने सहाचाकी गाडी द्यायचं कबूल केलं, हे तुझ्या आईकडून कळलं. फार आनंद झाला.

मालकाशी पगाराचं बोलशीलच, पण त्याआधी डिझेलचं बोल. आपल्याकडे बरेच मालक खेपेचं डिझेल ॲव्हरेजवर ठरवून देतात. वाचलं तर ड्रायव्हरचं, जास्त लागलं तर पगारातून कापायचं. या हिशेबामुळेच माणूस डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करतो, नाहीतर इंजिनच बंद करतो. भरलेल्या गाडीला, घाट धरून, खरं किती ॲव्हरेज पडतं ते पहिल्या दोन खेपांत मोजू आणि मग ठरवू, असं त्यांना स्पष्ट सांग. नाहीच म्हणाले तर दुसरी गाडी बघ.

हळद घेऊन वाशीला जाताना कात्रजचा नवा बोगदा संपला की नवले पुलापर्यंत सलग उतार आहे. रस्ता रुंद आणि सरळ, त्यामुळे तो घाट वाटतच नाही. तिथे किती माणसं गेली ते तू पेपरात वाचलंयस. इंजिन बंद केलं की ब्रेकसाठी हवा भरणारा कॉम्प्रेसर थांबतो. मग टाकीत असेल तेवढ्याच हवेवर ब्रेक लागतात, दर दाबाला ती कमी होते, आणि पॉवर स्टिअरिंगही जड होतं. इंजिन चालू ठेवून नुसतं न्यूट्रल केलं तरी सगळा भार लायनरवर, म्हणजे ड्रमला घासणाऱ्या ब्रेकच्या पट्ट्यांवर येतो. ड्रम तापतात, जळका वास येतो आणि पेडल दाबूनही गाडी धरत नाही.

माझ्यावर ही वेळ बोरघाटात आली होती. डिझेल वाचवायच्या नादात मी गियर काढला होता. गाडी डोंगराच्या अंगाला घासत थांबली म्हणून वाचलो. माझा क्लिनर एकोणीस वर्षांचा होता, कितीतरी वेळ त्याच्या तोंडून शब्द फुटला नाही. त्याच्या आईला काय सांगितलं असतं, हा विचार अजून रात्री येतो.

शिवाय आताच्या बीएस-6, म्हणजे धुराच्या नव्या नियमांच्या गाडीत डिझेलही वाचत नाही. गियरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढलास की इंजिनाला जाणारं डिझेल तुटतं, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू राहायला डिझेल लागतंच. तेव्हा जो चढ ज्या गियरमध्ये चढशील, तो उतारही त्याच गियरमध्ये उतर. गियर उतार लागायच्या आधी टाक, आणि एक्झॉस्ट ब्रेक वापर, तो इंजिनाचा धूर अडवून गाडी धीमी करतो.

माल भरला की वजनकाटा चुकवू नकोस. आरसीवर आहे त्यापेक्षा जास्त भरला तर दंड 20,000 रुपये, वर प्रत्येक जादा टनाला 2,000. दंड मालक भरेलही, पण ते जादा वजन घाटात तुझ्याच ब्रेकवर येणार आहे. काट्याची पावती जपून ठेव.

घाई कर, ई-वे बिल (माल नेण्याचा जीएसटीचा मुदतीचा कागद) संपतंय, असं कोणी म्हणालं तर घाबरू नकोस. 200 किलोमीटरला एक दिवस मिळतो. सांगली ते वाशी चारशेच्या आतच आहे, म्हणजे दोन दिवस. मध्ये गाडी बिघडली तर मुदत वाढवूनही घेता येते. कायद्यानेही ड्रायव्हरचं काम दिवसाला आठ तास आणि पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती असं 1961 सालीच ठरलं होतं. प्रत्यक्षात ते कोणी पाळत नाही, हे मला ठाऊक आहे आणि त्याचा रागही येतो. तरी पहाटे तीननंतर डोळे जड झाले तर पंपावर गाडी लाव आणि झोप. मालकाचा फोन आला तर खरं सांग.

एअर टाकीतलं पाणी रोज काढायचं असतं. तुझ्या गाडीला तो कॉक कुठे आहे ते बघून ठेव. रविवारी मी सांगलीला येतोय, दोघं मिळून गाडीखाली जाऊ.

तुझा,
काका