हॉलिडे एअरलाइनला जायचंय? आधी परवाना तपासा, मग पगार बाराने भागा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: राहायला ठाण्यात, घोडबंदर रोडला. भारतातल्या कंपनीत बोइंग ७३७ वर फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक), एकूण १,९०० तास, त्यातले १,६०० ७३७ वर. एका एजन्सीने युरोपातल्या हॉलिडे एअरलाइनच्या (सुट्टीवर जाणाऱ्या पर्यटकांना नेणाऱ्या कंपनीच्या) सात महिन्यांच्या उन्हाळी कंत्राटाबद्दल विचारलंय. महिन्याचा आकडा चांगला दिसतोय, फ्लॅटचा हप्ता चालू आहे, घरी आईवडील आहेत. पगार, रोस्टर (ड्यूटीचं वेळापत्रक) आणि भरती या तिन्हींबद्दल नीट सांगा, असं तुम्ही लिहिलंत.

पगाराकडे वळण्याआधी परवान्याचं बघू, कारण बहुतेकांचं गाडं तिथेच अडतं. तुमचा डीजीसीएचा (भारताच्या हवाई नियामकाचा) परवाना युरोपीय नोंदणीच्या विमानावर तसाच चालत नाही. ईएएसएचा, म्हणजे युरोपीय हवाई सुरक्षा संस्थेच्या नियमांखालचा परवाना हवा. त्यासाठी १३ विषयांच्या लेखी परीक्षा, प्रत्येकात किमान ७५ टक्के. पहिला पेपर ज्या महिन्यात दिला त्याच्या अखेरीपासून १८ महिन्यांत सगळे सुटले पाहिजेत. एका विषयाला चार संधी मिळतात. चौथीही गेली तर तेराच्या तेरा पेपर पहिल्यापासून. नोकरी सांभाळून अभ्यास करणाऱ्यांना वेळ पुरत नाही तो याच १८ महिन्यांच्या अटीमुळे, म्हणून पहिला पेपर देण्याची घाई करू नका. निम्मा अभ्यास झाला की मगच घड्याळ सुरू करा.

पण त्याही आधी मेडिकल. ईएएसएचं पहिलं क्लास १ मेडिकल (व्यावसायिक वैमानिकाची आरोग्य तपासणी) मान्यताप्राप्त एअरोमेडिकल सेंटरमध्येच होतं, नेहमीच्या तपासनीस डॉक्टरकडे नाही. डोळे, ईसीजी, कान यात काही अडकलं तर ते वर्षभर अभ्यास करून आणि पैसे भरून झाल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. तुमच्या बाजूने जमेची गोष्ट म्हणजे ७३७ वरचे तास. परदेशी परवान्यावरचं टाइप रेटिंग (त्या प्रकारचं विमान चालवण्याची पात्रता) ईएएसए परवान्यावर चढवायला त्या टाइपवर किमान ५०० तास, चालू सराव आणि स्किल टेस्ट लागते. ५०० तुमचे केव्हाच झालेत. म्हणजे टाइप रेटिंग पुन्हा विकत घ्यायची वेळ येऊ नये. एजन्सी तरीही पूर्ण टाइप रेटिंगचे पैसे मागत असेल तर कारण लेखी मागा.

ब्रिटनचं वेगळं आहे. तिथला परवाना आता सीएएचा, म्हणजे ब्रिटिश हवाई नियामकाचा, आणि ३१ डिसेंबर २०२२ नंतर नुसत्या ईएएसए परवान्यावर ब्रिटिश नोंदणीचं विमान चालवता येत नाही. त्यामुळे टुई किंवा जेट२ या हॉलिडे एअरलाइन्सची ब्रिटनमधली जाहिरात आणि काँडोरची जर्मनीतली जाहिरात यांना एकच कागद पुरेल असं समजू नका. सनएक्सप्रेस तिसऱ्याच घरातली. ती टर्किश एअरलाइन्स आणि लुफ्तान्साने मिळून १९८९ मध्ये काढलेली, मुख्य तळ अंताल्या, आणि तुर्कस्तान ईएएसएचा सदस्य नाही. कंपनीचं विमान कुठल्या देशात नोंदलेलं आहे हा पहिला प्रश्न विचारा. परवाना त्यावरून ठरतो.

दुसरी गाळणी काम करण्याच्या हक्काची. युरोपातल्या आणि ब्रिटनमधल्या बऱ्याच जाहिरातींत तळाशी एक ओळ असते: तिथे राहण्याचा आणि काम करण्याचा विनाअट हक्क उमेदवाराकडे आधीच असावा. याचा अर्थ कंपनी व्हिसा पुरस्कृत करणार नाही. भारतीय पासपोर्टवर ही ओळ असलेला अर्ज संगणकातूनच बाहेर पडतो, तुमचे तास कुणी बघतही नाही. म्हणून ‘वर्क परमिट कंपनी काढणार का, कुणाच्या खर्चाने, आणि कंत्राट संपलं की तो परमिट उरतो की जातो’ हे एजन्सीकडून ईमेलवर घ्या. फोनवरच्या ‘होऊन जाईल’ला काही किंमत नाही.

आता वेळापत्रक. विमान कंपन्यांचा उन्हाळी हंगाम मार्चच्या शेवटच्या रविवारी सुरू होतो आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारच्या आदल्या दिवशी संपतो. हॉलिडे एअरलाइनची भरती त्यामुळे साधारण आधीच्या शरद ऋतूत आणि हिवाळ्यात चालते, कारण कन्व्हर्जन कोर्स (नव्या कंपनीच्या पद्धती शिकवणारा), सिम्युलेटर, लाइन ट्रेनिंग (प्रशिक्षकासोबतची प्रत्यक्ष उड्डाणं) हे सगळं मे-जूनच्या गर्दीआधी उरकायचं असतं. इथेच भारतातल्यांची पंचाईत होते. डीजीसीएच्या २०१७ च्या नियमानुसार फर्स्ट ऑफिसरला सहा महिन्यांची आणि कमांडरला (मुख्य वैमानिकाला) एक वर्षाची नोटीस द्यावी लागते. जानेवारीत ऑफर आली, मार्चमध्ये हजर व्हा म्हणाले, तर तुम्ही जुलैच्या आत सुटतच नाही. जुलैमध्ये गेलात की हंगाम निम्मा सरलेला. म्हणून पहिल्याच ईमेलमध्ये नोटीसचा कालावधी स्पष्ट लिहा आणि अर्ज येत्या नव्हे, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यासाठी करा. तुमच्या आत्ताच्या कंपनीचा ट्रेनिंग बॉण्ड (प्रशिक्षणाच्या बदल्यात ठरावीक काळ नोकरीची हमी) शिल्लक असेल तर तो वेगळा. नोटीस पूर्ण केली म्हणून बॉण्ड फिटत नाही.

पगाराचा हिशेब एका उदाहरणाने मांडतो. आकडे कुठल्याही कंपनीचे नाहीत, फक्त रीत कळावी म्हणून घेतलेत. धरा, सात महिन्यांच्या कंत्राटाला मूळ पगार महिना ६,५०० युरो आणि ब्लॉक अवरला (विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा थांबेपर्यंतच्या तासाला) २५ युरो. उन्हाळ्यात महिना ८५ तास उडालात तर सात महिन्यांचे ५९५ तास. मूळ ४५,५००, उड्डाणाचे १४,८७५, एकूण ६०,३७५ युरो. सातने भागलं तर महिना ८,६२५, आणि जाहिरातीत हाच आकडा झळकतो. बाराने भागा, ५,०३१ उरतात. शेजारी कायम नोकरीची ऑफर ठेवा: मूळ ४,००० गुणिले बारा म्हणजे ४८,०००, उन्हाळ्यातले ५९५ तास आणि हिवाळ्यातल्या पाच महिन्यांचे महिना ३५ प्रमाणे १७५, मिळून ७७० तासांचे १९,२५०. एकूण ६७,२५०, महिना सरासरी ५,६०४. दिसायला लहान असलेली ऑफर वर्षाला सुमारे सात हजार युरोंनी मोठी निघाली. शिवाय तिच्यात पगारी रजा, पेन्शन, आजारपणाचा पगार बसतो. हंगामी कंत्राटात यातलं काय आहे ते एकेक ओळ वाचून बघा. स्वयंरोजगारी म्हणून एजन्सीमार्फत बिल करायला सांगितलं तर कर आणि सामाजिक विमा तुमच्याच खिशातून जातो, आणि परवाना गमावल्याच्या विम्याचा हप्ताही.

कंत्राटातली सगळ्यात महागाची ओळ ब्लॉक अवरची असते. पैसे नियोजित वेळेचे की प्रत्यक्ष वेळेचे? महिन्याला किमान किती तासांची हमी? स्टँडबायवर (राखीव म्हणून) बसलात आणि बोलावलं नाही, तर त्या दिवसाचे काय? दुसऱ्या बेसला (तळाला) प्रवासी म्हणून नेलं तर तो वेळ ड्यूटीत धरला जातो, पण उड्डाणभत्ता बहुधा मिळत नाही. हमी नसेल तर वरच्या हिशेबातले ८५ तास ही फक्त आशा आहे.

रोस्टरचं चित्र डोळ्यांसमोर यावं म्हणून एकच दिवस घेऊ. जर्मनीतल्या डसेलडॉर्फहून तेनेरिफ या स्पॅनिश बेटावर आणि परत. रिपोर्टिंग पहाटे ५ वाजता, ६ ला निघालात, जर्मन वेळेने १०:४० ला पोहोचलात. तासाभरात साफसफाई, इंधन, प्रवासी. ११:४० ला निघून १६:१५ ला परत. फ्लाइट ड्यूटी झाली सव्वाअकरा तास. पहाटे ५ ते ५:१४ मध्ये सुरू होणाऱ्या दोन सेक्टरच्या (दोन उड्डाणांच्या) ड्यूटीची नियमाप्रमाणे कमाल मर्यादा १२ तास. म्हणजे हाताशी उरला पाऊण तास. जुलैमध्ये फ्रान्सच्या हवाई क्षेत्रात स्लॉट (उड्डाणाला ठरवून दिलेली वेळ) एक तास पुढे गेला की मर्यादा ओलांडली, आणि मग कमांडरच्या अधिकारात जास्तीत जास्त दोन तास वाढवून परतायचं. थकलेलो आहे हे कमांडरला स्पष्ट सांगणं हा इथे फर्स्ट ऑफिसरच्या कामाचा भाग मानला जातो. भारतात सीनियरपुढे गप्प बसायची सवय असेल तर ती सोडावी लागेल.

या एका फेरीचे ब्लॉक तास ९:१५. सलग २८ दिवसांत १०० तासांची मर्यादा आहे, त्यात अशा दहा फेऱ्या बसतात, अकरावी बसत नाही. वर्षाची मर्यादा कॅलेंडर वर्षात ९००, सलग बारा महिन्यांत १,०००. ड्यूटीची मर्यादा सात दिवसांत ६० तास, २८ दिवसांत १९०. बेसवर दोन ड्यूट्यांमध्ये किमान १२ तास विश्रांती, किंवा आधीची ड्यूटी जितकी होती तितकी, यातलं जे जास्त ते. आठवड्यातून एकदा ३६ तास, ज्यात दोन स्थानिक रात्री आल्याच पाहिजेत. महिन्याला किमान ७ आणि वर्षाला ९६ सुट्टीचे दिवस युरोपीय कायद्यानेच ठरलेत. रोस्टर साधारण १४ दिवस आधी येतं.

हॉलिडे उड्डाणांचा फायदा असा की बहुतेक ड्यूट्या बेसवर सुरू होऊन बेसवरच संपतात. हॉटेलात रात्री कमी. तोटा असा की पहाटे आणि रात्री हीच स्वस्त वेळ, आणि कंपनीचं विमान दिवसातून दोन फेऱ्या मारतं: एक क्रू पहाटेची, दुसरी संध्याकाळची. संध्याकाळी ५ नंतर सुरू होणाऱ्या ड्यूटीची मर्यादा दोन सेक्टरला ११ तासांवर येते, आणि ती पुरती वापरली जाते. पहाटेच्या ड्यूट्यांवरून थेट रात्रीच्या ड्यूटीवर टाकलं जातं का, हे तिथल्या एखाद्या चालू फर्स्ट ऑफिसरला विचारा. जुलै-ऑगस्टचं प्रत्यक्ष रोस्टर मागून बघा, फेब्रुवारीचं नको.

निवडीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ऑनलाइन क्षमता चाचण्या, गटचर्चा, मुलाखत आणि सिम्युलेटर. सिम्युलेटरमध्ये बहुधा ऑटोपायलटशिवाय आणि फ्लाइट डायरेक्टर (पडद्यावर दिशा दाखवणारी मदत) बंद ठेवून आयएलएस (उपकरणांच्या आधाराने उतरणं), होल्डिंग (हवेत घिरट्या घालत थांबणं) आणि टेकऑफला एक इंजिन बंद. रोजच्या कामात ऑटोमेशन लावून उडवणाऱ्याचा हात इथे अडखळतो. जाण्याआधी दोन-चार तास सिम्युलेटर भाड्याने घ्या, खर्च वाया जात नाही.

कागदांची सुरुवात राजीनाम्याच्या आधी करा. कंपनीकडून तासांचा सही-शिक्क्याचा दाखला नोकरीत असतानाच सहज मिळतो. डीजीसीएकडून परवान्याची पडताळणी थेट परदेशी प्राधिकरणाकडे जावी लागते, तिला आठवडे लागतात. पोलीस क्लिअरन्ससाठी वागळे इस्टेटचं पासपोर्ट सेवा केंद्र. विमानतळाच्या पासासाठी मागच्या पाच वर्षांचा सलग हिशेब द्यावा लागतो: कुठे राहिलात, कुठे काम केलंत. मधे दोन महिने घरी असाल तर त्याचाही पुरावा लागतो, म्हणून जुनी पगारपत्रकं आणि भाडेकरार टाकू नका.

कराचं गणित तारखेवर अवलंबून आहे. नोकरीसाठी बाहेर जाणारा भारतीय नागरिक त्या आर्थिक वर्षात १८२ दिवसांपेक्षा कमी भारतात असेल तर अनिवासी ठरतो. मार्चअखेर जाऊन ऑक्टोबरअखेर परतलात तर भारतातले दिवस सुमारे १५०, प्रश्न मिटला. पण नोटीसपायी जुलैमध्ये गेलात आणि ऑक्टोबरअखेर परतलात तर २४० च्या वर दिवस भारतात होतात. मग तुम्ही निवासी, युरोपातलं उत्पन्नही इथे दाखवायचं, आणि तिथे भरलेल्या कराची सवलत दोन देशांमधल्या करारानुसार मागायची.

फ्लॅट भाड्याने द्यायचा असेल तर भाडेकरूला आधीच सांगा: घरमालक अनिवासी असला की भाड्यातून ३१.२ टक्के कर कापून भरण्याची जबाबदारी भाडेकरूची. हे कळल्यावर बरेच भाडेकरू मागे हटतात. हप्ता त्या भाड्यावर अवलंबून ठेवू नका. लीव्ह अँड लायसन्सची नोंदणी आणि सोसायटीची कामं आईवडिलांना करता यावीत म्हणून मुखत्यारपत्र जाण्याआधीच करून ठेवा. बचत खातं एनआरओ (अनिवासींचं भारतातल्या उत्पन्नासाठीचं खातं) करून घ्या, बाहेरचा पगार एनआरईमध्ये (अनिवासींच्या परदेशी कमाईच्या खात्यात) घ्या.

एक तुलना नक्की करा. नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी उड्डाणं सुरू झाली आहेत. तिथला बेस मिळाला तर ऐरोली-घणसोलीत घर घेऊन आईवडिलांजवळ राहून कमांडरशिप गाठता येते. १,९०० तासांवर तुम्ही अपग्रेडच्या रांगेत कुठे आहात ते विचारा. बाहेर गेलात की नव्या कंपनीत ज्येष्ठता शून्यापासून, आणि हंगामी कंत्राटात तर ज्येष्ठता साचतच नाही. माझं मत विचाराल तर अपग्रेड दीड-दोन वर्षांवर असेल तर डावी सीट (कमांडरची जागा) घेऊनच निघा. टाइपवरच्या कमांडच्या तासांना बाहेर वेगळाच भाव मिळतो.

गेलात तरी भारतीय परवाना मरू देऊ नका. २०२३ च्या दुरुस्तीनंतर सीपीएल (व्यावसायिक वैमानिक परवाना) आणि एटीपीएलची (एअरलाइन वैमानिक परवान्याची) मुदत १० वर्षं झाली आहे, पण मेडिकल आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंगच्या (केवळ उपकरणांवर उडण्याच्या पात्रतेच्या) तारखा वेगळ्या चालतात. हिवाळ्यात घरी याल तेव्हा डीजीसीएचं मेडिकल त्याच फेरीत उरका. तूर्त एजन्सीला तीन गोष्टी लेखी विचारा: विमानाची नोंदणी कुठली, वर्क परमिट कोण काढणार, महिन्याला किमान तासांची हमी किती. उत्तरं आली की इथेच टाका, कंत्राटाच्या कलमांवर पुढे बोलू.