इंजिनिअरिंगच्या सीईटीत ९६ पर्सेंटाइल आहेत. ऑप्शन फॉर्ममध्ये (कॉलेजांच्या पसंतीक्रमाच्या यादीत) पुण्याचं सीओईपी पहिलं टाकलं तर खालची कॉलेजं हातची जातील का?

नाही, जाणार नाहीत. कॅपमध्ये, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत, नंबर लागतो तो गुणवत्ता क्रमांकावर. तुमची पाळी आली की यादी वरून खाली तपासली जाते आणि ज्या पहिल्या ऑप्शनला जागा शिल्लक असते तिथे अलॉटमेंट. सीओईपीचं कम्प्युटर ओपनमधून ९९ च्या वरच बंद होतं, त्यामुळे तो ऑप्शन नुसता ओलांडला जाईल. तुम्ही चौथ्या पसंतीला टाकलेलं कॉलेज तुमच्यापेक्षा कमी पर्सेंटाइलवाल्याला, त्याने ते पहिलं टाकलंय म्हणून, तुमच्या आधी मिळत नाही (त्याच प्रवर्गात, अर्थातच). म्हणून गेल्या वर्षीचे कट-ऑफ बघून क्रम लावू नका, खरंच जे हवंय त्या क्रमाने लावा. कट-ऑफचा उपयोग यादी खाली कुठपर्यंत न्यायची एवढ्यापुरता.

एक मेख आहे: ऑटो-फ्रीज. २०२५ च्या प्रवेशात पहिल्या फेरीत पहिली पसंती, दुसरीत पहिल्या तीनपैकी आणि तिसरीत पहिल्या सहापैकी काही मिळालं की ती जागा घ्यावीच लागत होती. नाकारली तर पुढच्या फेऱ्या बंद. तेव्हा 'बघू लागतंय का' म्हणून नको असलेली ब्रँच वर टाकू नका. यंदाचा आकडा माहिती पुस्तिकेत बघून घ्या.